थुंकीचा अहवाल निगेटिव्ह, तरी ताप उतरत नाही

वाचकाचे पत्र

माझ्या धाकट्या भावाला अडीच महिन्यांपूर्वी एचआयव्हीची लागण असल्याचे समजले. त्या वेळी त्याची सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची) संख्या ८६ होती. लगेच एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या आणि तो त्या नियमित घेतो. मात्र तिसऱ्या आठवड्यापासून त्याला रोज संध्याकाळी ताप येतो आणि रात्री अंग घामाने भिजते. वजन तर त्याआधीपासूनच उतरत होते. खोकला जवळजवळ नाही. दोनदा थुंकी तपासली, जंतू दिसले नाहीत. छातीचा एक्स-रे ‘विशेष काही नाही’ असा आला. मांटू या क्षयरोगासाठीच्या त्वचेवरच्या चाचणीत हातावर काहीच उठले नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले, तेव्हा चार-पाच दिवस ताप गेला आणि पुन्हा आला. या डॉक्टरांना आम्ही एचआयव्हीबद्दल सांगितले नव्हते. एआरटी देणारे डॉक्टर म्हणतात की क्षयरोगाची शंका कायम आहे. ते थुंकीची मशीनवरची तपासणी, लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगत आहेत आणि गरज पडली तर अहवालाची वाट न पाहता औषधे सुरू करू म्हणतात. तीन अहवाल स्वच्छ आले असताना हे सगळे कशासाठी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. भावाला वाटते की ताप एआरटीमुळेच येतो, म्हणून ती बंद करावी. मी त्याच्यासोबत राहते आणि माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. आम्ही काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हे तीन अहवाल पुरेसे नाहीत, आणि आपल्या भावाच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या तपासण्या अनावश्यक तर नाहीतच, उलट याच आठवड्यात व्हायला हव्यात अशा आहेत. सीडी४ संख्या इतकी कमी असताना सूक्ष्मदर्शकाखालची थुंकी, छातीचा एक्स-रे आणि मांटू या तिन्ही तपासण्या एकाच कारणामुळे एकाच वेळी फसू शकतात. म्हणून त्यांना तीन स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. तिघांनी एकच गोष्ट सांगितली याचा घरच्यांना जो दिलासा वाटतो आहे, तो या एका कारणामुळे फोल ठरतो. पत्रावरून निदान करणे शक्य नाही आणि योग्यही नाही, पण दोन-अडीच महिन्यांत नुकतीच एआरटी सुरू झालेली व्यक्ती, रोजचा ताप, रात्रीचा घाम आणि घटते वजन एवढी माहिती समोर असताना क्षयरोग हे नाव यादीत सर्वांत वर ठेवूनच पुढे जावे लागते.

पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी. आपल्या भावाचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त वेळा चालत असेल, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, नाडी १२० च्या पुढे असेल किंवा त्याला आधाराशिवाय चालता येत नसेल, तर यांपैकी एकही खूण गंभीर आजाराची समजतात आणि अशा वेळी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे. सतत डोकेदुखी, उलट्या, बोलण्यात किंवा वागण्यात बदल आणि गुंगी यांनाही हेच लागू आहे, कारण मेंदूच्या आवरणांचा क्षयरोग तासा-दिवसांच्या हिशेबाने बिघडतो आणि त्याच लक्षणांनी येणारा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा आजारही तितकाच घातक असतो.

आता त्या एका कारणाकडे येतो. क्षयरोगाविषयी आपल्या मनात जे चित्र असते, म्हणजे महिनोन् महिने चालणारा खोकला, भरपूर बेडका, त्यात रक्त आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसणारी पोकळी, ते चित्र बऱ्याच अंशी आपल्या शरीराच्या प्रतिकाराने घडवलेले असते. सशक्त प्रतिकारशक्ती जंतूंभोवती पेशींचा वेढा घालते, त्या झटापटीत फुफ्फुसाचा तुकडा सडून पोकळी तयार होते, पोकळीत जंतू प्रचंड संख्येने वाढतात आणि ती श्वासनलिकेत उघडली की ते थुंकीवाटे बाहेर पडतात. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी घटल्या की हा वेढाच पडत नाही. मग पोकळी होत नाही, थुंकीत जंतू फारसे येत नाहीत, खोकलाही कमी असतो. जंतू मात्र रक्तातून यकृत, प्लीहा, लसिकाग्रंथी, अस्थिमज्जा आणि मूत्रपिंडे यांत पसरत राहतात. आजार सौम्य असल्यामुळे खुणा कमी दिसत आहेत, असा समज इथे पूर्णपणे उलटा ठरतो. प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली, तितका आजार शरीरभर पसरलेला आणि नेहमीच्या तपासण्यांत लपलेला असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या मृत्यूंमागे जगभरात क्षयरोग हे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्यातल्या बऱ्याच मृत्यूंच्या आधी रोगाचे निदानच झालेले नसते, त्यामागे हा लपंडाव मोठ्या प्रमाणात आहे.

आपल्याकडे असलेले तीन अहवाल आता एकेक करून या प्रकाशात पाहू. थुंकी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयरोगाचा जंतू दाखवला तेव्हापासून थोड्याफार सुधारणांसह चालत आली आहे. ती स्वस्त आहे, लवकर होते आणि तिच्या मर्यादेत उपयोगीही आहे. परंतु एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय या पद्धतीने ते नजरेस पडत नाहीत. आपल्या भावाला खोकलाच नाही, म्हणजे दिलेल्या नमुन्यात बेडका किती आणि लाळ किती होती हा प्रश्नही उरतोच. दोनदा तपासले म्हणून खात्री दुप्पट झाली, असे इथे म्हणता येत नाही.

एक्स-रेबद्दलही तसेच. कमी सीडी४ असलेल्या रुग्णात पोकळीऐवजी छातीच्या मध्यभागी वाढलेल्या ग्रंथी, फुफ्फुसाच्या खालच्या भागातले फिकट डाग, फुफ्फुसावरणात साठलेले पाणी किंवा बाजरीच्या दाण्यांएवढे सर्वत्र विखुरलेले ठिपके दिसू शकतात आणि काही रुग्णांत क्षयरोग असूनही एक्स-रे पूर्णपणे नॉर्मल असतो. शिवाय ‘विशेष काही नाही’ या शेऱ्याचा नेमका अर्थ काय, हे तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ती फिल्म एआरटी देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः पाहू द्यावी. एचआयव्ही असल्याचे माहीत असलेला आणि नसलेला असे दोन डॉक्टर एकच फिल्म वेगवेगळ्या नजरेने पाहतात.

मांटूच्या अहवालाला तर या निर्णयात जागाच नाही. ही चाचणी शरीरात कधी क्षयरोगाच्या जंतूचा शिरकाव झाला होता का, एवढेच सांगते. आज आजार आहे की नाही, हे ती सांगत नाही. रक्तावर केली जाणारी आयजीआरए चाचणीही याच जातीची आहे. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीत मांटूच्या जागी ५ मिलिमीटर फुगवटा आला तरी ती पॉझिटिव्ह धरतात, कारण प्रतिक्रिया मंद असणार हे गृहीत असते. सीडी४ संख्या ८६ असताना हातावर काहीच न उठणे याचा अर्थ बहुधा एवढाच, की प्रतिक्रिया देणाऱ्या पेशी पुरेशा उरलेल्या नाहीत. आपण ज्या अहवालाला स्वच्छ म्हणता, तो कदाचित भावाच्या प्रतिकारशक्तीच्या दुबळेपणाचाच दाखला असेल.

डॉक्टरांनी सांगितलेली मशीनवरची तपासणी ही जंतूंच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेते. एक्सपर्ट या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली, तिची अधिक संवेदनशील आवृत्ती एक्सपर्ट अल्ट्रा २०१७ मध्ये आली आणि ट्रूनॅट ही त्याच प्रकारची दुसरी चाचणी आहे. अल्ट्राला एक मिलिलिटरमध्ये विसाच्या आत-बाहेर जंतू असले तरी त्यांचा माग लागू शकतो. सूक्ष्मदर्शकाच्या हजारांच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की फरक आपोआप लक्षात येईल. निकाल काही तासांत मिळतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देणार की नाही, हेही त्याच वेळी कळते. पण ही चाचणीही अचूकतेची हमी देत नाही. काचपट्टीवर जंतू न दिसलेल्या, पण पुढे कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू वाढलेल्या नमुन्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नमुने मूळ एक्सपर्ट ओळखते, अल्ट्रा त्याहून काही अधिक. म्हणजे हिचाही निकाल निगेटिव्ह आला आणि ताप तसाच राहिला, तर शोध थांबवण्याचे ते कारण होत नाही. अल्ट्राच्या अहवालात कधी ‘ट्रेस’ असा शब्द येतो. जंतूंचा अगदी अल्प अंश सापडला, एवढाच त्याचा अर्थ. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीत तो क्षयरोगाचा पुरावा म्हणून धरला जातो आणि उपचार सुरू केले जातात, तेव्हा ‘थोडेसेच आहे, बघू पुढे’ असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. मात्र ट्रेस निकालातून रिफाम्पिसिनबद्दल काही कळत नाही, त्यासाठी आणखी नमुना लागतो.

नमुना कसा द्यावा याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि उत्तम यंत्रही लाळेतून जंतू शोधू शकत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकावे आणि जे येईल ते डबीत घ्यावे. हे उघड्यावर किंवा खिडकी उघडी ठेवून, इतरांपासून दूर करावे. नाव डबीच्या अंगावर लिहिलेले असावे, झाकणावर नको, कारण प्रयोगशाळेत झाकणे बाजूला होतात. खोकलाच येत नसेल तर मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफ देऊन थुंकी आणवता येते. हे हवा खेळती असलेल्या जागी, प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यायचे असते. त्याच नमुन्याचा एक भाग कल्चरसाठी पाठवावा, अशी विनंती आवर्जून करावी. द्रवमाध्यमातल्या कल्चरला निकाल निगेटिव्ह ठरवण्यासाठी ४२ दिवस लागतात, त्यामुळे आजच्या निर्णयाला त्याचा उपयोग नाही. परंतु जंतू वाढले तर कोणती औषधे चालतील याची सविस्तर चाचणी करता येते, आणि दीड महिन्यानंतर ती माहिती हाती असणे फार मोलाचे ठरू शकते.

घरच्यांना सर्वांत विचित्र वाटलेली तपासणी लघवीची, आणि माझ्या मते आपल्या भावाच्या बाबतीत तीच सर्वांत अर्थपूर्ण आहे. क्षयरोगाच्या जंतूच्या आवरणात लिपोअरॅबिनोमॅनन नावाचा, साखर आणि स्निग्ध द्रव्य यांनी बनलेला घटक असतो. त्याचे लघुरूप लॅम. जंतू शरीरभर आणि मूत्रपिंडांत पसरले की हा घटक लघवीत उतरतो. ज्या दुर्बलतेमुळे थुंकी रिकामी राहते, तिच्यामुळेच लघवीत खूण सापडण्याची शक्यता वाढते. म्हणून ही चाचणी सीडी४ जितकी कमी तितकी अधिक कामाची असते, आणि प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात तिचा फारसा उपयोग नसतो. पट्टीवर लघवीचे थेंब टाकल्यानंतर २५ मिनिटांत निकाल वाचता येतो, त्यासाठी यंत्र किंवा वीज लागत नाही, आणि ज्याला बेडका येत नाही असा रुग्णही नमुना देऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णाला क्षयरोगाची लक्षणे असतील, तो गंभीर आजारी असेल किंवा लक्षणे नसतानाही त्याची सीडी४ संख्या १०० च्या खाली असेल, तर ही चाचणी करावी. रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी हीच मर्यादा २०० आहे. आपला भाऊ लक्षणे आणि सीडी४ या दोन्ही निकषांत बसतो.

दक्षिण आफ्रिका, टांझानिया, झांबिया आणि झिंबाब्वे या देशांत एचआयव्हीसह दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या तपासण्यांना लघवीच्या या चाचणीची जोड दिलेल्या गटात आठ आठवड्यांत २१ टक्के रुग्ण दगावले, तर जोड न दिलेल्या गटात २५ टक्के. केवळ एका साध्या पट्टीमुळे जीव वाचतात, असे दाखवणाऱ्या निदानचाचण्या वैद्यकशास्त्रात फार नाहीत. तिच्या मर्यादाही सांगतो. ज्यांची सीडी४ संख्या अगदी कमी आहे अशा रुग्णांतही ती क्षयरोगाच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांनाच ओळखते, म्हणून पॉझिटिव्ह आली तर उपचार सुरू करायला आधार मिळतो, पण निगेटिव्ह आली तर काहीही सिद्ध होत नाही. औषधाला दाद न देणारे जंतू आहेत का, हेही ती सांगत नाही. म्हणूनच थुंकीवरची जनुकीय चाचणी आणि लघवीची चाचणी या एकामागून एक न करता एकाच वेळी कराव्यात, असा अलीकडच्या मार्गदर्शनाचा कल आहे. आपल्या डॉक्टरांनी दोन्ही एकत्र सांगितल्या आहेत, हे मला बरोबर वाटते.

पोटाची सोनोग्राफीही याच विचाराचा भाग आहे. पोटातल्या वाढलेल्या ग्रंथी, प्लीहेतले लहान गडद ठिपके, पोटात, फुफ्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साठलेले पाणी यांपैकी काही दिसले तर क्षयरोगाची शक्यता बळावते. मान, काख आणि जांघ यांत गाठ लागते का, हेही डॉक्टरांना हाताने तपासायला सांगावे. गाठ सापडली तर सुईने तिच्यातला अंश काढणे सोपे असते आणि क्षयरोगाचा पुरावा तिथे अनेकदा थुंकीहून लवकर मिळतो. इथे एक सूचना मी आग्रहाने देतो, कारण यात होणारी चूक मागाहून सुधारता येत नाही. गाठीचा तुकडा काढला गेला तर तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत जाऊ देऊ नये. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. म्हणून एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, जनुकीय चाचणी आणि कल्चर यांसाठी वेगळा पाठवायचा असतो. आपण हे आधीच विचारून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा राग येणार नाही, आणि आला तरी हरकत नाही.

लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल आपण सहज लिहिले आहे, पण ती माहिती महत्त्वाची आहे. हे औषध न्यूमोनियासारख्या आजारांत वापरले जाते आणि क्षयरोगाच्या जंतूंवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे क्षयरोग असलेल्या माणसाला ते काही दिवस दिले की ताप तात्पुरता उतरतो, नमुन्यातले जंतू घटतात, तपासण्या निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते आणि एका कामाच्या औषधाविरुद्ध जंतूंना सराव मिळण्याचा धोकाही निर्माण होतो. ते केव्हा सुरू केले, किती दिवस घेतले आणि थुंकीचे नमुने त्याआधी दिले की नंतर, हे कागदावर लिहून एआरटी देणाऱ्या डॉक्टरांना द्यावे. ज्यांनी ते लिहून दिले त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्यासमोर अर्धीच माहिती होती. एचआयव्हीची बाब लपवण्यामागची भीती मी समजू शकतो आणि ती कुणाला सांगायची हा आपल्या भावाचाच अधिकार आहे. तरीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून ती लपवली की कोणती तपासणी करायची, एक्स-रे कसा वाचायचा, किती दिवस थांबायचे, हे सगळेच चुकत जाते. एचआयव्ही नसलेल्या माणसाच्या खोकल्याला दोन आठवडे झाले की क्षयरोगाचा विचार होतो. एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला, ताप, वजन घटणे किंवा रात्रीचा घाम यांपैकी एकही लक्षण, मग ते कालपासून का असेना, असले तरी तपासणी करायची असते.

एआरटी बंद करण्याचा विचार भावाने कृपया मनातून काढावा. त्याचे निरीक्षण चुकीचे नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. एआरटी सुरू झाल्यावर विषाणू दबतो, प्रतिकारशक्ती सावरू लागते आणि आतापर्यंत गुपचूप पसरलेल्या जंतूंशी तिचा सामना सुरू होतो. त्यातून ताप येतो, ग्रंथी सुजतात, आणि दडलेला क्षयरोग पहिल्या तीन महिन्यांत असा वर येणे हे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. गोळ्यांनी आजार निर्माण केला असता, तर वजन गोळ्यांच्या आधीपासून उतरत आले नसते. गोळ्या थांबवल्या तर ताप कदाचित काही काळ कमी होईलही, पण क्षयरोग आणि एचआयव्ही दोन्ही मोकाट सुटतील. एखाद्या गोळीची प्रतिक्रिया म्हणूनही क्वचित ताप येतो; ती शक्यता डॉक्टर अंगावरचे पुरळ, यकृताच्या तपासण्या आणि नेमकी कोणती औषधे चालू आहेत यांवरून पडताळून पाहतील. तो निर्णय त्यांनी घ्यावा, भावाने घरी बसून नव्हे.

अहवालाशिवाय औषधे सुरू करण्याची गोष्ट घरच्यांना सर्वांत जास्त खटकते, हे स्वाभाविक आहे. सहा महिने चालणारा उपचार, त्यातल्या गोळ्यांचा यकृतावर होऊ शकणारा परिणाम आणि हातात पुरावा नाही, हे ऐकून कुणीही बिचकेल. पण पुरावा म्हणजे केवळ जंतू दिसणे नव्हे. लक्षणे, सीडी४, सोनोग्राफी, एक्स-रे आणि इतर आजार वगळले जाणे यांवरून डॉक्टर क्षयरोगाचे निदान करू शकतात, आणि रुग्ण खालावत असेल तर तसे करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सीडी४ संख्या ५० च्या खाली असलेल्या, बाहेरून उपचार घेणाऱ्या रुग्णांना सरसकट क्षयरोगाची औषधे देऊन पाहणाऱ्या, २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून केवळ सीडी४ कमी आहे एवढ्यावर औषधे देणे वेगळे, आणि नमुने घेऊन, विचार करून, खालावत्या रुग्णाला थांबवून न ठेवता औषधे देणे वेगळे. आपल्या डॉक्टरांचे बोलणे मला दुसऱ्या प्रकारचे वाटते. फक्त थुंकी, लघवी आणि गाठीचे नमुने पहिल्या गोळीच्या आधी घेतले जातील, एवढे आपण पाहावे. त्याच वेळी न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया, क्रिप्टोकॉकस, क्षयरोगाच्या कुळातले इतर जंतू आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग यांचा विचार झाला आहे का, हेही विचारावे. रक्तातली क्रिप्टोकॉकसची चाचणी इतक्या कमी सीडी४ ला व्हायलाच हवी. इतर संसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोलची गोळी चालू आहे का, तेही पाहावे.

औषधे सुरू झालीच, तर क्षयरोगाचा उपचार करणाऱ्यांना एआरटीच्या गोळ्यांची बाटली प्रत्यक्ष दाखवावी. रिफाम्पिसिनमुळे शरीर काही औषधे भराभर नष्ट करते. त्यामुळे एआरटीतले डोल्युटेग्राव्हिर हे औषध घेणाऱ्या रुग्णाला ते ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते आणि काही औषधे तर बदलावीच लागतात. उपचार सुरू झाल्यावर मधेच ताप किंवा गाठी पुन्हा वाढल्या, तर औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. प्रतिकारशक्तीच्या सावरण्याचाच तो भाग असू शकतो, मात्र डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

आपल्या आणि मुलाच्या बाबतीत सांगायचे तर एकत्र राहण्याने, एका ताटात जेवण्याने किंवा अंगाखांद्यावर खेळण्याने एचआयव्ही पसरत नाही. क्षयरोग हवेतून पसरतो. खोकला नसलेल्या आणि थुंकीत जंतू न दिसणाऱ्या रुग्णाकडून त्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो. निदान होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलाने मामाच्या खोलीत झोपू नये. भावाचे निदान पक्के झाले तर आपली आणि मुलाची तपासणी करून घ्यावी. पाच वर्षांखालील मुलाला क्षयरोग नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध दिले जाते. त्यासाठी मांटू पॉझिटिव्ह येण्याची अट नसते.

राहिली शेवटची शक्यता. सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तापाचे दुसरे कारण सापडले आणि भाऊ पूर्ण बरा झाला, तर त्यालाही क्षयरोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक उपचार द्यायला हवा. एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रत्येक प्रौढासाठी त्याची शिफारस आहे. पण ताप चालू असेपर्यंत तो सुरू करू नये, कुणी सुचवला तरीही. दडलेला क्षयरोग असलेल्या माणसाला एकटे आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध दिले तर आजार बरा होत नाही आणि उरलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. तापाची रोजची नोंद आणि आठवड्याला एकदा वजन एका वहीत लिहायला आजपासून सुरुवात करावी आणि ती वही प्रत्येक भेटीला सोबत न्यावी. अहवाल गोंधळात टाकणारे असतात तेव्हा डॉक्टरांना दिशा देणारी माहिती बहुतेक वेळा याच नोंदींत असते.